फोटोतलं बंदर

हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून क्रूझवर नोकरीला लागलेला एखादा तरी मुलगा आता लहान गावातही सापडतो. कोकण-गोव्याला तर बोटीवरची नोकरी नवी नाहीच. गोव्यात तारवट्यांची घरं गावोगाव आहेत. बोटीची वाट पाहत मुंबईत थांबणाऱ्यांसाठी गोवेकरांनी आपापल्या गावाच्या नावाने ‘कूड’ चालवले, त्यालाही आता काही पिढ्या झाल्या. हल्ली मुलीही या वाटेने निघाल्या आहेत, ही कौतुकाचीच गोष्ट.

मुलगा गेला की महिन्याभरात मोबाइलवर फोटो येतो. मागे निळा समुद्र, पांढरंशुभ्र जहाज, डोळ्यांना गॉगल. “रोमला पोचला हो तुमचा मुलगा, मजा आहे!” शेजारीण म्हणते. आईचा ऊर भरून येतो.

पण मैत्रिणींनो, हा फोटो बंदरावरचा असतो आणि बंदर म्हणजे त्याच्या महिन्यातले मोजके तास. बाकीचे दिवस कसे जातात, हे मुलगा सांगत नाही. आई काळजी करील ना!

क्रूझ म्हणजे तरंगतं गावच. जानेवारी 2024 मध्ये पहिल्या प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर साडेपाच हजारांहून जास्त प्रवासी आणि सुमारे 2,350 कर्मचारी मावतात. एवढ्या माणसांचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, मधल्या वेळचं खाणं... स्वयंपाकघर रात्रीसुद्धा थंड होत नाही. खोल्या आवरणारा सकाळी प्रत्येक खोली झाडूनपुसून, चादरी नीट करून जातो आणि काही जहाजांवर संध्याकाळी त्याच खोल्या पुन्हा आवरतो. आवरलेलं घर तासाभरात कसं पसरतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको! प्रवासाच्या शेवटच्या दिवशी तर सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढतात. मधल्या चार-पाच तासांत सगळं जहाज चकाचक व्हायला हवं.

प्रवाशाला समुद्र दिसणारी बाल्कनी असते. कर्मचाऱ्याची खोली बहुधा खालच्या मजल्यावर, बिनखिडकीची आणि दोघांत एक. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्यात रविवार नावाचा वार नसतो. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार सांगतो, की चोवीस तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारताने हा करार 2015 मध्ये स्वीकारला. कागदावर हक्क आहे, पण तो माहीत असेल तरच मागता येतो.

आता बंदराचं ऐका. जहाज सकाळी लागतं आणि संध्याकाळी सुटतं. ‘रोम’ म्हणून जिथे जहाज लागतं ते बंदर म्हणजे चिविटावेक्क्या. तिथून रोम सुमारे 70 किलोमीटर. प्रवासी बसने, रेल्वेने जाऊन रोम बघून येतात. आपल्या मुलाला मात्र दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या मधले दोन-तीन तास मिळतात. शिवाय सुरक्षेसाठी काही कर्मचाऱ्यांना आळीपाळीने जहाजावरच थांबावं लागतं. मग रोम कुठलं? साबण-बिस्किटं घ्यायची, पैसे पाठवायचे आणि धक्क्याजवळच्या कॉफीच्या दुकानात बसून घरी फोन लावायचा. त्याची बंदराची भेट ती एवढीच.

फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ कोरोनामुळे अडकली, तेव्हा हे जगाला दिसलं. प्रवाशांना खोलीतच राहायला सांगितलं होतं. पण त्यांच्या दारापर्यंत जेवण पोचवायला कर्मचारी फिरतच होते. जहाजावरच्या 138 भारतीयांपैकी 132 जण कर्मचारी होते.

हे वाचून पोरांना अडवू नका. ही नोकरी अनेक घरांना वर काढते, कर्ज फेडते, बहिणींची शिक्षणं करते. फक्त पाठवताना डोळे उघडे ठेवा. एजंटकडे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, ते आधी बघा. परवानाधारकांची यादी वेबसाइटवर मिळते. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून फी घेणं नियमात बसत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी असा खर्च वेगळा. म्हणून कुणी लाखभर रुपये मागितले, तर मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी दहादा विचार करा. कराराची एक प्रत घरी ठेवा. करार किती महिन्यांचा, पगार किती, आजारी पडलं तर खर्च कुणाचा, परतीचं तिकीट कुणाचं, हे त्यात वाचून घ्या. मुलगी जाणार असेल, तर जहाजावर तक्रार कुणाकडे करायची हेही तिला निघण्याआधीच माहीत असू दे.

आणि बंदरावरून फोन आला, की “कुठं फिरलास?” एवढ्यावरच थांबू नका. “झोप होते का रे? खोलीतला सोबती कसा आहे?” हेही विचारा. एकदा विचारून तो सांगणार नाही, “मस्त चाललंय” म्हणेल. पुढच्या बंदरावरून फोन आला, की पुन्हा विचारा.