एकच घ्या, पण हातमागाची

यंदा घरात लग्न असेल, तर मानपानाच्या यादीत चार-पाच ‘सेमी पैठण्या’ लिहिल्या गेल्या असतील. त्या ओळीवर काट मारा, अशी माझी विनंती आहे. तेवढ्याच पैशांत एक साधी, बारीक काठाची, हातमागावरची एकधोटी पैठणी येते का ते आधी पाहा. बाकीच्यांना द्यायला इरकल आहे, नारायणपेठ आहे, चांगल्या सुती साड्या आहेत. त्या नेसल्या तरी जातील.

सेमी म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं यंत्रमागावरचं पॉलिएस्टर किंवा मिश्र धागा असतं आणि त्याची जर म्हणजे चमकवलेली प्लास्टिकची पट्टी. चार समारंभांत तिची रया जाते. मग ती ना कुणाला देता येते, ना मातीत मिसळते.

खरी पैठणी येवल्यात आणि पैठणला विणली जाते. रेशीम बहुतेक बंगळूरहून येतं, जर सुरतेहून. ताण्याचे हजारो धागे मागावर चढवण्यातच दिवस जातात. पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी लागते आणि शेजारच्या दोन रंगांचे धागे एकमेकांत हाताने अडकवत पुढं जावं लागतं. मोर, मुनिया, आसावली, कमळ, सगळं असंच उतरतं. पदर भरगच्च असेल तर दिवसभरात बोटभर कापडही पुढं सरकत नाही. साध्या पैठणीला महिना-दीड महिना लागतो. पदराचं काम जसं वाढेल तसे सहा महिने, कधी वर्षही. हातमागाला विजेची गरज नसते, तो चालतो विणकराच्या हातापायांवर. डोळे आणि पाठ मात्र त्याची जाते.

या साडीत आणखीही कुणाचं तरी जातं, आणि ते आपण सहसा बोलत नाही. रेशमाच्या अळीने विणलेला कोष म्हणजे जवळजवळ हजार मीटरचा एकच अखंड धागा. पतंग बाहेर पडला की धागा तुटतो, म्हणून कोष आतल्या जिवासकट उकळतात किंवा वाफवतात. एका पैठणीमागे असे हजारो कोष असतात. पतंग उडून गेल्यावर कातलेलं अहिंसा रेशीमही मिळतं. ते मऊ असतं, पण अखंड धाग्याची झळाळी त्याला येत नाही. ज्यांना जीव घेणं मान्यच नाही, त्यांनी ते घ्यावं किंवा सुती पैठणी घ्यावी, आणि त्यात काही कमी आहे असं मुळीच मानू नये. मी रेशीम सोडलेलं नाही. तुती लावून मराठवाड्यातली कितीतरी शेतकरी कुटुंबं उभी राहिली आहेत. उसापेक्षा तुतीला पाणी पुष्कळ कमी लागतं, आणि बीड-जालन्याकडच्या शिवारात ही गोष्ट लहान नाही. पण एवढे जीव आणि एवढे दिवस ज्या वस्तूत गेले, ती कपाटात सात-आठ असणं मला पटत नाही. एक असावी, फार तर दोन, आणि त्या वर्षानुवर्षं नेसल्या जाव्यात.

घेताना साडी उलटी करून पाहा. हातमागाच्या पैठणीचा काठ आणि पदर मागूनही जवळजवळ तसाच दिसतो. मागे सुट्या धाग्यांचं जाळं असेल किंवा धागे कापलेले दिसत असतील, तर ती यंत्रावरची. ‘सिल्क मार्क’ फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, विणलं कशावर ते सांगत नाही. त्यासाठी हातमागाची खूण वेगळी असते. पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याचीही विचारणा करा. जर चांदीची आहे की तांब्यावरची, हेही स्पष्ट विचारा आणि बिलावर लिहून घ्या. तांब्याची जर घेण्यात कमीपणा नाही, फक्त पैसे चांदीचे मोजू नका.

जमेल तर विणकराच्या घरी जाऊन घ्या. अनेक विणकर व्यापाऱ्याने दिलेल्या रेशमावर मजुरीने विणतात, आणि दुकानातल्या किमतीतलं त्यांच्या हाती किती पडतं हे आपल्याला कुणी सांगत नाही. दुकानातच घेणार असाल तर निदान ‘ही कुणी विणली?’ एवढं विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की दुकानदाराला उत्तर ठेवावं लागतं. माग चालू असलेल्या घरात घासाघीस मात्र करू नका.

मग ती नेसा. लग्नापुरती राखून ठेवू नका. पाडव्याला, मंगळागौरीला, मुलीच्या पदवीच्या समारंभालाही नेसा. नेसून झाल्यावर सावलीत वाऱ्यावर टाका, सुती मलमलीत गुंडाळून ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका. अत्तर जरीवर उडवू नका. आजीची जुनी पैठणी घरात असेल, तर नवी घेण्याआधी ती उघडून पाहा. एकेकाळी कितीतरी पैठण्या आतल्या चांदीसाठी जाळल्या गेल्या. अंग विरलं असलं तरी काठ-पदर शाबूत असतो आणि तो नव्या कापडावर बसवून देणारे कारागीर आहेत.

मनासारखी विणून हवी असेल, तर तुळशीचं लग्न लागलं की येवल्याला जाऊन मागणी नोंदवा. साधं काम असेल तर वैशाखातल्या लग्नाला साडी हाती येते. आणि याद्या करणाऱ्या आत्या-मावश्यांना आजच सांगून ठेवा. ऐनवेळी सांगितलं की मानपानाचा प्रश्न होतो, आणि मग दुकानदार पुढ्यात टाकील तेच उचलावं लागतं.