मामाची सायकल आणि बॅटरीचं गणित

सुरुवातीलाच कबूल करते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझं मराठी म्हणजे थोडं घरचं आणि बाकीचं लोकलच्या डब्यात ऐकलेलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. पण हा विषय इंग्रजी विभागात दिला असता, तर ज्याच्यामुळे तो सुचला त्या माझ्या मामालाच वाचता आला नसता.

मामा लालबागला चाळीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मामी जेवणाचे डबे करते आणि मामा ते परळ, दादर, प्रभादेवीला पोचवतो. चार वर्षांपूर्वी त्याचे गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्याने इलेक्ट्रिक सायकल घेतली. अडीचशे वॉटची मोटर, लायसन्सची भानगड नाही. पहिल्या रविवारी मी मासे खायला गेले (हॉस्टेलच्या मेसबद्दल इथे काही बोलत नाही), तेव्हा मामा जिन्याखाली बॅटरीची पेटी घेऊन उभा होता. मला म्हणाला, "अगो, जरा उचलून बघ." उचलली. तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या, प्रत्येकी चार किलोच्या, वर पेटीचं वजन. लाकडी जिना, तीन मजले, रोज रात्री वर आणि रोज सकाळी खाली. गुडघ्यांसाठी घेतलेली सायकल!

तेव्हापासून मामाने बॅटरीचे तीन सेट संपवले. पहिला तेरा महिने चालला, दुसरा अकरा. तिसरा तर आठ महिन्यांतच गेला आणि त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. गणपतीला मामा-मामी गावी गेले. निघायच्या आदल्या दिवशी भरपूर डबे होते, बॅटरी पार उतरलेली. घाईत तशीच पोटमाळ्यावर ठेवली. वीस दिवसांनी आले तर बॅटरी चार्जच घेईना. दुकानदार म्हणाला, "माल खराब आला असेल." माल खराब नव्हता हो! लेड-ॲसिड बॅटरी रिकामी ठेवली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते परत विरघळत नाहीत. ती ठेवायची ती पूर्ण भरून. लिथियमचं बरोबर उलटं, ती लांब ठेवायची असेल तर अर्धी भरलेली बरी. हे आम्ही सेकंड इयरला शिकलो, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. आणि मामाला सांगायचं मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. त्याचे सत्तावन्नशे रुपये त्यात गेले.

त्या रागात (स्वतःवरच्या) मी वही घेऊन बसले.

आधी गरज किती ते मोजलं. मामाचं रोजचं अंतर साधारण वीस किलोमीटर. एल्फिन्स्टनचा पूल २०२५ च्या सप्टेंबरात बंद झाल्यापासून प्रभादेवीला जायला करी रोड नाहीतर टिळक ब्रिजचा वळसा पडतो, तो धरून. डबे लादून, पूल चढून, किलोमीटरला बारा वॉट-अवर धरले तर रोज २४० वॉट-अवर. म्हणजे पाव युनिटसुद्धा नाही.

आता मामाच्या पेटीवर लिहिलंय ३६ व्होल्ट, १२ अँपियर-अवर. गुणाकार केला तर ४३२. मग वीस किलोमीटरला बॅटरी का संपते? तर हे १२ अँपियर-अवर वीस तासांत हळूहळू काढले तरच मिळतात. मोटर ओढते सात-आठ अँपियर. इतक्या जोरात ओढलं की लेड-ॲसिड साठ-पासष्ट टक्क्यांवरच हात वर करते. हाती येतात जेमतेम २७०. म्हणजे मामा रोज बॅटरी जवळजवळ तळापर्यंत खरवडत होता, आणि अशी खरवडलेली लेड-ॲसिड अडीचशे ते साडेतीनशे वेळा भरून काढली की म्हातारी होते. त्यात पोटमाळ्यावरची उष्णता. वर्षभर टिकली हेच खूप झालं.

मग मी आणि मामा दोन रविवार दुकानं फिरलो. आम्हाला मिळालेले भाव असे: लेड-ॲसिडचा सेट ५७०० रुपये, जुना परत दिला की भंगाराचे ९०० सुटतात. नेहमीची लिथियम-आयन (हिच्यात निकेल, मँगनीज, कोबाल्ट असतं), ३६ व्होल्ट १० अँपियर-अवर, १४,००० रुपये. लिथियम आयर्न फॉस्फेट, सगळे जिला एलएफपी म्हणतात ती, तेवढ्याच क्षमतेची १६,०००. दोन्ही लिथियमना चार्जर वेगळा, त्याचे १५०० अजून.

भाव ऐकून मामा सरळ लेड-ॲसिडच्या दुकानाकडे वळला. तुम्हीही वळला असता.

पण पाच वर्षांचा हिशोब बघा. वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे तीस हजार किलोमीटर. लेड-ॲसिडचे पाच सेट, भंगार वजा जाता २४,०००. नेहमीची लिथियम अडीच वर्षं टिकेल असं मी धरलं. दुकानदार "हजार सायकल, मॅडम" म्हणत होता, पण मी साडेसातशेवर विश्वास ठेवला. तर दोन पॅक आणि चार्जर मिळून २९,५००. म्हणजे लेड-ॲसिडपेक्षा महाग! मला हे अपेक्षित नव्हतं. "लिथियम भारी" हे आपण इतकं पाठ केलंय की मी तीनदा बेरीज तपासली. एलएफपी दोन हजार वेळा भरून निघते असं तिचं नाव आहे. ते खरं मानलं तर साडेसहा वर्षं होतात, पण मुंबईची दमट हवा, आतलं सर्किट, हिंदमाताला गुडघाभर पाणी, हे सगळं बघून मी पाचच धरली. एक पॅक, एक चार्जर, १७,५००.

वीज? लेड-ॲसिड भरताना जास्त वीज उष्णतेत जाते, म्हणून वर्षाला साधारण १०० युनिट. लिथियमना ८५. युनिटला सात रुपये धरले तर फरक वर्षाला शंभर रुपयांचा, सोडून द्या. तरी बेरजेत धरली: लेड-ॲसिड २७,५००, नेहमीची लिथियम ३२,५००, एलएफपी २०,५००. किलोमीटरला अनुक्रमे ९२ पैसे, १ रुपया ८ पैसे आणि ६८ पैसे. शिवाय एलएफपीचा पॅक साडेचार किलोच्या आसपास. गुडघ्यांची किंमत मी हिशोबात धरलेली नाही.

मामाला वही दाखवली. त्याने शांतपणे वाचली आणि म्हणाला, "बरोबर असेल. पण साडेसतरा हजार एकदम आणू कुठून? सत्तावन्नशे मी तीन हप्त्यांत देतो, दुकानदार थांबतो."

इथे माझं इंजिनिअरिंग संपलं. आपल्याला वाटतं लोक स्वस्त वस्तू घेतात कारण त्यांना गणित कळत नाही. मामाला गणित माझ्यापेक्षा चांगलं येतं, चाळीस डब्यांचा महिन्याचा हिशोब तो तोंडी करतो. त्याच्याकडे एकरकमी पैसा नाही, म्हणून तो पाच वर्षांत सात हजार जास्त भरतो. पतपेढीतून वर्षभरासाठी सरळ बारा टक्क्यांनी कर्ज काढलं तर व्याज २१०० होईल, तरीही एलएफपी लेड-ॲसिडपेक्षा जवळजवळ पाच हजारांनी स्वस्त पडते. हेही मी दाखवलं. मामा म्हणाला, पतपेढीचं कर्ज मुलीच्या लग्नाला ठेवायचं असतं, बॅटरीला नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडे "प्रोजेक्ट इकॉनॉमिक्स" नावाचा विषय आहे, त्यात असला प्रश्न कधी येत नाही. यायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र लेड-ॲसिडच्या बाजूने सांगितली पाहिजे. १८५९ साली गास्तोन प्लांतेने केलेली ही बॅटरी आजही रस्त्यावर सापडत नाही, कारण भंगारवाला तिचे पैसे देतो. लिथियमचा मेलेला पॅक घेऊन फिरून बघा, कोण घेतं ते! २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी बनवणाऱ्यावर ती परत घ्यायची जबाबदारी टाकली आहे. मी तीन दुकानांत विचारलं, तिन्हीकडे माझ्याकडे बघून हसले. अर्थात भंगारातलं शिसं कुठल्यातरी शेडमध्ये उघड्यावर वितळवलं जातं आणि तो धूर कोणाच्यातरी मुलांच्या पोटात जातो, ते ९०० रुपयांत धरलेलं नसतं.

आता हॉस्टेलकडे येते, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

मित्रांनो, तुमच्यासाठी वरचं गणित जसंच्या तसं लागू नाही. रोज पाच किलोमीटर, वर्षाला दोनशे दिवस एवढंच चालवणार असाल तर दोन हजार वेळा भरायची बॅटरी घेऊन काय करणार, डिग्री आधी संपेल. तुमच्यासाठी लेड-ॲसिडसुद्धा चालेल, फक्त सुट्टीत घरी जाताना पूर्ण भरून ठेवा. गणपतीची गोष्ट आठवा.

पण भरणार कुठे? या टर्मला नोटीस लागली: हॉस्टेलमध्ये कुठलीही सायकल-बॅटरी चार्ज करायला बंदी. मी रेक्टर सरांच्या विरोधात नाही. २०२२ साली वसईत घरात चार्ज होत असलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गेला. खोलीत, गादीशेजारी, रात्रभर चार्जिंग नकोच. इथपर्यंत नोटीस शंभर टक्के बरोबर आहे.

चूक पुढे आहे. बंदीनंतर चार्जिंग थांबलेलं नाही, ते लपून चाललंय. आमच्या मजल्यावर एक पॅक चादरीखाली चार्ज होताना मी स्वतः पाहिला (नाव विचारू नका). आणि त्याला जोडलेला चार्जर जुन्या लेड-ॲसिडच्या पेटीचा! नेहमीच्या ३६ व्होल्टच्या लिथियम पॅकला ४२ व्होल्टवर थांबायचं असतं, तो चार्जर ४४ च्या आसपास जातो. आतल्या सर्किटने तोडलं तर ठीक. स्वस्तातल्या पॅकमधलं सर्किट तोडेलच याची खात्री मी देणार नाही. एलएफपी त्यातल्या त्यात सोशिक, ती तापून पेटायला बरंच जास्त तापमान लागतं, पण चुकीचा चार्जर तिलाही नको. नोटिशीत चार्जरबद्दल एक शब्द नाही.

तळमजल्यावर सायकल स्टँडच्या भिंतीला सहा प्लग, प्रत्येकाला वेगळा एमसीबी, रात्री दहाला बंद होणारा टायमर, वर पत्रा, खाली लादी, बाजूला वाळूच्या बादल्या. लिथियम पेटलं तर वाळूने विझेल असं मी म्हणत नाही, पण उघड्यावर असेल तर निदान कोणी झोपलेलं नसेल. मेंटेनन्सच्या काकांशी बोलले, ते म्हणाले दोन दिवसांचं काम आहे, सामान द्या. विजेचे पैसे आम्ही भरू, वर्षाला माणशी दीड-दोनशे रुपयांच्या वर जाणार नाहीत. आणि चार्जरवर बॅटरीचा प्रकार लिहिलेली चिकटपट्टी असेल तरच प्लग मिळेल, असा नियम करा. तो आम्हीच पाळू आणि पाळून घेऊ.

अर्ज दिलाय, एकतीस सह्या आहेत. त्यातल्या नऊ जणांकडे इलेक्ट्रिक सायकल आहे, बाकीचे त्यांच्या शेजारच्या खोलीत झोपतात.

मामा सध्या चौथा सेट ओढतोय, लेड-ॲसिडच. मामीच्या भिशीचा नंबर दिवाळीच्या आधी लागेल असं म्हणतात. एलएफपीवाल्या दुकानदाराने भाव तोवर धरून ठेवतो म्हटलंय, पण लेखी द्यायला तयार नाही. तोपर्यंत रविवारी मी गेले की पेटी वर न्यायचं काम माझ्याकडे असतं.