निविदेतली ‘रिंग’ ओळखणार कोण? स्पर्धा कायद्याच्या संशोधनात तरुणांना नोकऱ्या का कमी आहेत?

महापालिकेनं कचरा प्रक्रिया प्रकल्पासाठी निविदा काढली. तीन-चार कंपन्यांनी दर भरले. सगळ्यात कमी दर असलेल्या कंपनीला काम मिळालं. कागदावर सगळं नियमानुसार. पण हरलेल्या कंपन्या जिंकण्यासाठी आल्याच नव्हत्या, फक्त संख्या भरायला आल्या होत्या, असं निघालं तर?

पुण्यात हे खरंच घडलं होतं. पुणे महापालिकेच्या २०१४ मधल्या घनकचरा प्रक्रियेच्या पाच निविदांबद्दल ‘नागरिक चेतना मंच’ या पुण्यातल्या संस्थेनं २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे, म्हणजेच सीसीआयकडे तक्रार केली. चौकशी झाली आणि मे २०१८ मध्ये आयोगानं निकाल दिला. कंपन्यांनी संगनमत करून दर भरले होते आणि काहींनी तर केवळ डमी निविदा टाकल्या होत्या, असं आयोगानं म्हटलं. कंपन्यांना दंड झाला. याच तपासातून पालिकेच्या २०१३ आणि २०१४ मधल्या आणखी काही निविदांचं प्रकरण पुढे आलं आणि आयोगानं तेही स्वतःहून हाती घेतलं.

पुणेकर याला साध्या भाषेत ‘ठेकेदारांची रिंग’ म्हणतात. ही रिंग आहे हे प्रत्येकाला ‘माहीत’ असतं. पण ती आकडे मांडून, कायद्याच्या कसोटीवर सिद्ध करणं हे वेगळं काम आहे. हे काम शिकलेली माणसं तयार कुठे होतात? आणि अर्थशास्त्र किंवा कायद्याची पदवी घेतलेल्या पुण्यातल्या तरुणाला यात करिअर करायचं असेल, तर विद्यापीठात त्याच्यासाठी नोकरी आहे का?

स्पर्धा कायदा म्हणजे नेमकं काय?

भारतात १९६९ मध्ये मक्तेदारी रोखण्यासाठी कायदा आला. त्याला आपण एमआरटीपी कायदा म्हणून ओळखतो. तेव्हाचा प्रश्न होता की, मोजक्या उद्योगघराण्यांच्या हातात किती संपत्ती एकवटली आहे? १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली आणि प्रश्न बदलला. कंपनी मोठी असणं हा गुन्हा नाही, पण मोठेपणाचा गैरवापर होतोय का, हे बघायला हवं, असा विचार पुढे आला. त्यातून स्पर्धा कायदा, २००२ तयार झाला आणि मे २००९ पासून त्याच्या मुख्य तरतुदींची अंमलबजावणी सुरू झाली.

या कायद्यात तीन मुख्य गोष्टी येतात. पहिली, कंपन्यांनी आपसात ठरवून दर लावणं, बाजार वाटून घेणं किंवा निविदेत संगनमत करणं. दुसरी, बाजारात वरचढ असलेल्या कंपनीनं त्या ताकदीचा गैरवापर करणं. तिसरी, मोठ्या कंपन्यांच्या विलीनीकरणाला आधी परवानगी घेणं.

दंड लहान नसतात. अँड्रॉइडच्या प्रकरणात आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरून नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड झाला.

मग संशोधक यात काय करतो?

न्यायालयात वकील दिसतात, पण त्यांच्या हातातला कागद बऱ्याचदा अर्थशास्त्राच्या अभ्यासकानं तयार केलेला असतो.

समजा, एका कामासाठी तीन कंपन्यांनी दर भरले: १०० लाख, १०९ लाख आणि ११० लाख. पुढच्या निविदेत जिंकणारी कंपनी बदलली, पण चित्र तेच. एकाचा दर कमी आणि हरणारे दोघे त्याच्यापासून लांब, पण एकमेकांना चिकटून. असं एकदा झालं तर योगायोग. वीस निविदांमध्ये झालं तर संशयाला जागा आहे. त्यात पाळीपाळीनं काम मिळतंय का, हरलेल्याला नंतर उपकंत्राट मिळालंय का, अर्ज एकाच संगणकावरून भरले गेलेत का, अनामत रकमेचे डिमांड ड्राफ्ट एकाच बँकेतून निघालेत का, हे तपासायचं.

दर अगदी सारखे असणंही बोलकं असतं. भारतीय अन्न महामंडळानं २००९ मध्ये धान्य टिकवण्याच्या गोळ्यांसाठी निविदा काढली, तेव्हा तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा एकच दर भरला. हे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०१७ च्या निकालात कोर्टानं संगनमत मान्य केलं, पण दंड कंपनीच्या एकूण उलाढालीवर नाही, तर त्या उत्पादनाच्या उलाढालीवर मोजावा, असं सांगितलं. पुढे २०२३ च्या दुरुस्तीनं जागतिक उलाढालीचा आधार कायद्यात आणला. म्हणजे ‘उलाढाल कोणती धरायची’ या एका प्रश्नावर शेकडो कोटी इकडचे तिकडे होतात. तो हिशेब मांडणारा माणूस लागतो.

असा माणूस तयार व्हायला वेळ लागतो. संख्याशास्त्र, आर किंवा स्टाटासारखी सॉफ्टवेअर, कायद्याचं वाचन आणि त्या त्या धंद्याची माहिती, हे सगळं एका पदवीत मिळत नाही. ते कुणाच्या तरी हाताखाली दोन-तीन वर्षं काम करून येतं.

महाराष्ट्रात याची परंपरा आहे

विद्यापीठांचा आणि बाजाराच्या अभ्यासाचा संबंध आपल्याकडे नवा नाही. पुण्यातली गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये सुरू झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांपैकी एक होतं पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी, वर्ष १९३३. म्हणजे फळ कुठून येतं, मध्ये कोण असतं, कुणाला किती मिळतं, हे प्रश्न पुण्यात नव्वद वर्षांपूर्वी विचारले गेले होते.

१९६० च्या दशकात मुंबई विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ आर. के. हजारी यांनी खासगी उद्योगसमूहांची मालकी कुणाच्या हातात आहे, याचा तपशीलवार अभ्यास केला. औद्योगिक परवाने मोजक्या घराण्यांकडे कसे जातात, यावर १९६७ मध्ये त्यांचा अहवाल आला. १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याआधी झालेल्या चर्चेत या कामाचं वजन मोठं होतं.

अलीकडचं उदाहरण कांद्याचं. २०१० च्या अखेरीस कांद्याचे भाव भडकले. त्यानंतर सीसीआयसाठी बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज या संस्थेनं महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कांदा बाजारांचा अभ्यास केला. २०१२ च्या त्या अहवालात लासलगावसारख्या बाजारात मोजक्या मोठ्या व्यापाऱ्यांचं वजन किती आहे आणि नव्या व्यापाऱ्याला शिरणं का अवघड जातं, याकडे लक्ष वेधलं होतं. नाशिकच्या शेतकऱ्याच्या घरातला प्रश्न, पण अभ्यास बंगळुरूच्या संस्थेचा.

अडतंय कुठे?

पुण्यात हा विषय शिकवला जात नाही असं नाही. कायद्याच्या अभ्यासक्रमात स्पर्धा कायदा आहे, अर्थशास्त्रात औद्योगिक अर्थशास्त्र आहे. अडचण शिकून झाल्यावर सुरू होते.

पहिलं कारण पैशाचं स्वरूप. असं संशोधन बहुतेक वेळा प्रकल्पावर चालतं. सरकारी खातं किंवा आयोग एक अभ्यास देतो, संस्था त्यासाठी सहा किंवा अकरा महिन्यांसाठी संशोधन सहायक घेते, अहवाल जातो, करार संपतो. एआय आणि स्पर्धा यावरचा सीसीआयचा ऑक्टोबर २०२५ मधला अभ्यासही बाहेरच्या व्यवस्थापन संस्थेच्या मदतीनं झाला. अभ्यास होतात, पण कांद्यावर शिकलेला माणूस पुढच्या अभ्यासापर्यंत त्याच टेबलावर राहील, याची सोय नसते.

दुसरं, दुसऱ्या बाजूला असलेली मागणी. दिल्ली-मुंबईतल्या लॉ फर्म आणि आर्थिक सल्लागार कंपन्यांना हेच कौशल्य हवं असतं. नेट-जेआरएफ मिळालेल्या संशोधकाला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता मिळतो. तेही पीएचडीला प्रवेश मिळाला तर. पुण्यात खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे असा हिशेब मांडणाऱ्या मुलामुलींनी खासगी नोकरी निवडली, तर त्यांना दोष देता येत नाही. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिप आहेत, पण संख्या आणि रकमेवरून त्यासाठी विद्यार्थ्यांना वारंवार आंदोलनं करावी लागली आहेत.

तिसरं, खुद्द आयोगाची स्थिती. अध्यक्ष निवृत्त झाल्यावर ऑक्टोबर २०२२ पासून काही महिने आयोगाकडे निर्णयासाठी लागणारी गणसंख्याच नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं आयोगातल्या रिकाम्या पदांचा मुद्दा मांडला. जिथे शिकून जायचं, तिथलीच दारं अर्धवट उघडी असतील, तर विद्यार्थी हा रस्ता कशाला धरतील?

बाहेर काय चालतं?

अमेरिकेत पदवी आणि पीएचडी यांच्यामध्ये ‘प्रीडॉक’ नावाची पायरी रूढ झाली आहे. पूर्ण वेळ, पगारी, साधारण एक-दोन वर्षांची संशोधनाची नोकरी. प्राध्यापकाच्या हाताखाली डेटा साफ करायचा, खटले वाचायचे, मसुदे लिहायचे. येल विद्यापीठात २०१९ पासून मक्तेदारीविरोधी धोरणावर काम करणारा ‘थर्मन अर्नोल्ड प्रकल्प’ आहे. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचं स्पर्धा धोरण केंद्र आहे.

पण तिथेही सगळं आलबेल नाही. येलच्या या प्रकल्पाच्या प्रमुख फियोना स्कॉट मॉर्टन यांची २०२३ मध्ये युरोपियन कमिशनच्या स्पर्धा विभागात मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणून निवड झाली होती. त्या अमेरिकी आहेत आणि त्यांनी आधी ॲपल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टसाठी सल्लागार म्हणून काम केलंय, यावरून वाद झाला. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनीही प्रश्न विचारला. शेवटी स्कॉट मॉर्टन यांनी माघार घेतली.

यातून आपल्यासाठी मुद्दा निघतो तो हा: या क्षेत्रातलं ज्ञान ज्यांच्याविरुद्ध वापरायचं, त्याच कंपन्या त्या ज्ञानाच्या सगळ्यात मोठ्या ग्राहक असतात. म्हणून सार्वजनिक पैशावर चालणारी, कुणाची फी न घेणारी काही टेबलं विद्यापीठात असणं गरजेचं ठरतं.

काय करता येईल?

नमुना पुण्यातच आहे. शेतीच्या अर्थशास्त्रासाठी केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाच्या मदतीनं १९५४ मध्ये गोखले संस्थेत कृषी-आर्थिक संशोधन केंद्र सुरू झालं. अशी केंद्रं देशात इतरत्रही विद्यापीठं आणि संस्थांना जोडलेली आहेत. सरकार विषय देतं, केंद्र स्वतःही अभ्यास करतं आणि प्रकल्प संपला म्हणून केंद्र बंद होत नाही.

स्पर्धा धोरणासाठी असंच करायला कायद्याची आडकाठी नाही. उलट कायद्याच्या कलम ४९ नुसार स्पर्धेबद्दल जागरूकता आणि प्रशिक्षणासाठी पावलं उचलणं हे आयोगाचं कामच आहे. पुण्यातल्या एखाद्या केंद्रात चार-पाच तरुण संशोधकांना तीन वर्षांची नेमणूक मिळाली, तर अभ्यासाला विषय कमी पडणार नाहीत. महापालिका आणि झेडपीच्या निविदा, बाजार समित्या, औषध विक्रेत्यांच्या संघटना, फूड डिलिव्हरी ॲपचं कमिशन, सगळं हाताच्या अंतरावर आहे.

अट एकच, डेटा खुला हवा. निविदा उघडल्यावर फक्त जिंकलेला नाही, तर हरलेला प्रत्येक दरही वर्षानुवर्षं शोधता येईल अशा स्वरूपात मिळायला हवा. पीडीएफमधले स्कॅन केलेले कागद कुणाच्याच उपयोगाचे नसतात.

आज विद्यार्थ्यानं काय करावं?

तुम्ही अर्थशास्त्र किंवा कायदा शिकत असाल तर ‘स्पर्धा धोरण’ अशा नावाची जाहिरात शोधत बसू नका. संधी बऱ्याचदा ‘प्रकल्प सहायक’ किंवा ‘संशोधन सहायक’ या नावाखाली येतात. सीसीआय इंटर्नशिप देतं आणि कायदा, अर्थशास्त्र, वित्तीय विश्लेषण या शाखांमधून भरती करतं. आयोगाचे आदेश वेबसाइटवर मोफत आहेत. पुणे महापालिकेच्या प्रकरणाचा आदेश त्यातच आहे. तो वाचून, त्यातला पुरावा एका तक्त्यात मांडून बघा. मुलाखतीत दाखवायला एवढं काम पुरेसं बोलकं असतं.

मात्र हा उपाय एकेकट्या विद्यार्थ्यासाठी झाला. पालिकेचा प्रश्न त्यानं सुटत नाही. २०१५ मध्ये एका नागरिक संस्थेनं कागद गोळा करून तक्रार केली म्हणून ती रिंग उघड झाली. निविदा दरवर्षी निघतात. त्या रोज वाचणारं, त्यासाठी पगार घेणारं कुणीतरी शहरात असायला हवं.