नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

गेल्या पोळ्याला नागपूरहून आलेल्या माझ्या भाचीने मला एक इवलीशी काचेची बाटली भेट दिली. गुलाब, मोगरा आणि केशर यांचे, चेहऱ्याला लावावयाचे उंची तेल! किंमत ऐकून मी थक्क झाले. “आत्या, यात रसायन काहीच नाही, सगळे नैसर्गिक आहे,” हे तिचे वाक्य मात्र माझ्यातील डॉक्टरला स्वस्थ बसू देईना.

प्रथम कोपराच्या आतील बाजूस दिवसातून दोनदा, असे सात दिवस तेल लावून पाहिले. खाज वा लाली आली नाही, तेव्हा चेहऱ्यावर प्रयोग केला. सुगंधाने मन प्रसन्न झाले, गाल मऊ झाले. पण पंधरवड्यात कपाळावर बारीक पुटकुळ्या उठल्या आणि तेल बंद करताच मावळल्या. एकीचा अनुभव म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे मान्य. तरीही मऊपणा फुलांचा की मूळ तेलाचा, हा प्रश्न उरतोच. त्वचेतील ओलावा टिकविण्याचे काम साधे तेलही करते.

किंमत वाढते ती फुलांमुळे. एक किलो गुलाबतेलासाठी साधारण 3 ते 4 हजार किलो पाकळ्या लागतात. परंतु महाग म्हणजे गुणकारी नव्हे आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोकही नव्हे. पांढुर्णा-सौंसरच्या संत्र्याचेच पाहा. त्याच्या सालीतील तेलात लिमोनीन हा प्रमुख घटक असतो. हवेशी संयोग होऊन तो जुना झाला की ॲलर्जी निर्माण करू शकतो. फुलांतील लिनालूलचेही तसेच. म्हणूनच युरोपात 2005 पासून अशा 26 सुगंधी घटकांची नावे, ठरावीक प्रमाणापलीकडे असल्यास, वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. 2023 मध्ये ही यादी आणखी वाढविण्यात आली.

आपल्याकडे केशराचे तेल नवे नाही. कुंकुमादी तैलाचा पाठ अष्टांगहृदयात आहे. पण तो वैद्याच्या सल्ल्याने वापरावयाचा, भेटवस्तू म्हणून नव्हे.

माझी खरी चिंता वेगळीच आहे. लग्न ठरलेली एक मुलगी लालबुंद, सोललेला चेहरा घेऊन माझ्याकडे आली. शेजारणीने सुचविलेले गोरेपणाचे मलम ती कित्येक महिने लावीत होती. त्यात स्टेरॉइड होते. 2018 मध्ये अशा 14 स्टेरॉइडयुक्त मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट लागू झाली, तरी ती चिठ्ठीवाचून सर्रास हाती पडतात. महाग तेल परवडणारी भाची आणि स्वस्त मलम आणणारी ती मुलगी, दोघींनाही आपण एकच प्रश्न विचारीत नाही: “चेहऱ्याला काय लावता?”

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना विनंती एवढीच, की रक्तदाब व साखरेबरोबर हाही प्रश्न विचारावा. आणि समाजबांधवांनो, नवे काहीही चेहऱ्यावर लावण्यापूर्वी आठवडाभर कोपराला लावून पाहा. चेहरा उजळ दिसण्याआधी तो निरोगी असावा. सावळा रंग हा रोग नव्हे. त्यावर औषध शोधण्याचे कारणच नाही.