घरगुती विज्ञान : काकांचा कान आणि विजेचा दाब

आमच्या वाईच्या घरीं दिवेलागणीनंतर मागच्या सोप्यांत तबकडी लावण्याची चाल फार जुनी आहे. तीर्थरूप काका पेटी पुढें घेऊन बसतात, गाणें सुरू झालें कीं षड्ज धरतात, आणि लहानथोर मंडळी आपापलें हातांतलें काम घेऊन भोंवतीं जमतात. काकांचें वय आतां ८१ आहे. त्यांच्या आवडीच्या एका ख्यालाच्या तबकडीचा स्वर गेलीं तीस वर्षें पेटीच्या काळी एकशीं तंतोतंत जुळत आला होता. या वर्षाच्या आरंभीं मात्र काका म्हणूं लागले कीं, तो स्वर उतरला आहे. बाकीच्या कोणास तसें कांहींच जाणवेना.

या बाबतींत आमचें वर्तन शोभण्यासारखें नव्हतें, हें येथें कबूल केलें पाहिजे. 'वयोमानानें कान दगा देत असेल' असें आम्ही प्रथम माजघरांत हळूच बोललों, आणि मग तितक्या हळू बोलण्याचीही गरज आम्हांस वाटेनाशी झाली. कानांच्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें कीं, अति उंच ध्वनि त्यांना थोडे कमी ऐकूं येतात, व या वयांत तें साहजिकच होय. आम्हांस तेवढा पुरावा पुरला. उंच ध्वनि कमी ऐकूं येणें ही एक गोष्ट आणि असलेला स्वर उतरलेला ऐकूं येणें ही अगदीं दुसरी, एवढा पोंच आम्हां सुशिक्षितांपैकीं एकालाही राहिला नाहीं. एके दिवशीं काकांनीं पेटीचा भाता मिटला, तिच्यावर अभ्रा घातला, आणि 'तुमचें तुम्ही ऐका' म्हणून ते ओटीवर जाऊन बसले. पुढें दोन महिने तो अभ्रा निघाला नाहीं.

आमची धाकटी सूनबाई शाळेंत पदार्थविज्ञान शिकविते. काकांच्या तोंडून जातां जातां निघालेलें एक वाक्य तिनें मनांत धरून ठेविलें होतें. 'चावी संपत आलेल्या ग्रामोफोनसारखें वाटतें,' असें ते म्हणाले होते. ज्या वाचकांनीं चावीचा ग्रामोफोन पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों कीं, त्या यंत्रास वीज लागत नसे. हँडल फिरवून पोलादी स्प्रिंग आवळावयाची. ती सैल होत आली कीं तबकडीचा वेग मंदावे आणि गवयाचा आवाज खालीं घसरूं लागे. वेग शेंकडा सहांनीं कमी झाला म्हणजे स्वर पेटीच्या एका पट्टीनें, काळ्यापांढऱ्या साऱ्या मोजून एका पट्टीनें, उतरतो. सूनबाई म्हणाली, 'कानांची परीक्षा झाली. आतां यंत्राची करूं या.'

कोलंबिया कंपनीनें १९४८ सालीं अमेरिकेंत जी लांब तबकडी विक्रीस आणिली ती मिनिटास ३३⅓ फेरे घेते. हा अपूर्णांक चमत्कारिक दिसला तरी परीक्षेस फार सोयीचा आहे, कारण तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे होतात. थाळीच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवावा, तबकडीवर सुई टेकवावी, घड्याळ हातीं घ्यावें आणि मोजीत बसावें. सकाळीं आमच्या यंत्रास १०० फेऱ्यांकरितां ३ मिनिटें १ सेकंद लागला. सायंकाळीं साडेसात वाजतां मोजलें तों ३ मिनिटें ६ सेकंद! सहा सेकंद म्हणजे शेंकडा तीनांहून थोडें अधिक, म्हणजे अर्ध्या पट्टीहून किंचित् जास्त उतार. पुन्हा मोजलें, तरी तेंच. काका ओटीवर होते. त्यांना लागलीच जाऊन सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

यंत्र मंद चालूं लागलें कीं विजेवर खापर फोडण्यापूर्वीं दोन स्वस्त गोष्टी पाहाव्या. थाळी फिरविणारा रबरी पट्टा वर्षांनुवर्षें ताणून सैल होतो, आणि मधल्या आंसाचें तेल वाळतें. आम्हीं पट्टा नवा घातला व आंसास तेलाचे दोन थेंब सोडले. सकाळचा एक सेकंद भरून आला, सायंकाळचे पांच राहिलेच. एकच यंत्र सकाळीं शहाणें आणि सायंकाळीं वेडें, तेव्हां दोष यंत्राबाहेरचा असला पाहिजे हें उघड झालें.

यंत्राबाहेर होता तो भिंतींत खोंचावयाचा काळा अॅडॅप्टर, वीस वर्षांपूर्वींचा. त्यावर १२ व्होल्ट असें छापलेलें होतें, परंतु यंत्र चालूं असतांना मल्टिमीटर लावला तों सायंकाळीं जेमतेम साडेनऊ व्होल्ट भरले. दिवेलागणीस आळींतले पंप चालूं होतात, आणि आमच्या जुन्या घराची तार लांब व बारीक. त्यामुळें सोप्यांतला २३० व्होल्टांचा दाब २०५ वर येतो असें वायरमननें मोजून दाखविलें. अॅडॅप्टर नियमन करणारा नव्हता. वरून जसें येईल तसें खालीं देणारा, आणि त्यांत पोटांतला कपॅसिटर वयोमानानें वाळलेला असावा. (वयोमानाचा आरोप योग्य जागीं लागला तो असा.) आमच्या यंत्राच्या मोटरीस वेग सांभाळणारी एक लहानशी योजना असतेच, परंतु तिला मिळणारा दाबच मर्यादेखालीं गेला तर तिनें काय करावें?

सूनबाईनें घरींच नवा पुरवठा करावयाचें ठरविलें. पुतण्या बुधवार पेठेंतून जिन्नस घेऊन आला. १५ व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर, चार डायोड, २२०० मायक्रोफॅरडचा ३५ व्होल्ट सोसणारा कपॅसिटर, ७८१२ या क्रमांकाचा तीन पायांचा नियामक, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस लावावयाचे दोन चिमुकले कपॅसिटर. यांचें कार्य समजण्यास पावसाळ्यांतील पन्हळ आठवावी. पन्हळींतून पाणी सरींसरींनीं पडतें, तशी डायोडांतून वीज सेकंदास १०० ठोक्यांनीं येते. खालच्या हौदांत तें पाणी सांठतें. तो हौद म्हणजे मोठा कपॅसिटर. हौदाची पातळी खालींवर झाली तरी तोटीची धार सारखी राहावी, हें काम नियामकाचें. १५ व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर १२ व्होल्टांकरितां कशाला, असें आम्हीं विचारलें. उत्तर असें कीं, एसी दाबाची शिखरें आंकड्याच्या सुमारें १.४ पट उंच असतात, म्हणून डायोडांची वजावट जाऊन हौदांत १९ ते २० व्होल्ट भरतात. वरचा दाब २०० पर्यंत उतरला तरी नियामकास लागणारे १४ शिल्लक राहातात. जास्तीचे व्होल्ट उष्णता होऊन जातात. आमचें यंत्र पाव अँपिअरहून कमी वीज घेतें, त्यामुळें ती उष्णता दोन वॅटांच्या आंतच राहाते. तरी नियामकाच्या पाठीस अॅल्युमिनियमचा पत्रा हवाच.

नवशिक्यांनीं मात्र एक मर्यादा पाळावी. ट्रान्स्फॉर्मरच्या २३० व्होल्टांच्या बाजूस हात घालूं नये. आमच्या येथें तें काम वायरमननें फ्यूज घालून, धातूच्या पेटीस अर्थिंग देऊन केलें, आणि झांकण बसल्यावरच सूनबाईनें सोल्डरची कांब हातीं घेतली. मोठ्या कपॅसिटरवर ऋण बाजूस पट्टा छापलेला असतो. तो उलटा जोडल्यास फुटतो. पुतण्या तो उलटाच जोडीत होता, सूनबाईनें वेळींच हात धरला. जुन्या अॅडॅप्टरवरील खुणाही नीट वाचाव्या. तो डीसी देतो कीं एसी, खुंटीचा मधला भाग धन कीं ऋण, व्होल्ट किती. कांहीं यंत्रांस एसीच लागतो, त्यांस असला पुरवठा जोडणें म्हणजे घात. अँपिअर अधिक चालतील, व्होल्ट नाहीं. ज्यांना इतका खटाटोप नको त्यांनीं नियमन केलेला तयार अॅडॅप्टर घ्यावा. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

ज्यांचे आप्त अमेरिकेंतून यंत्र पाठवितात त्यांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. तेथील वीज सेकंदास ६० आवर्तनांची, येथील ५० ची. ज्या मोटरी या आवर्तनांच्या तालावर फिरतात त्या येथें पांच षष्ठांश वेगानें चालतात, आणि तबकडी मिनिटास २८ फेऱ्यांच्याही आंत येते. पेटीवर तीन पट्ट्या उतार! ११० व्होल्टांचा ट्रान्स्फॉर्मर आणून हा दोष जात नाहीं, कारण तो दाब बदलतो, आवर्तनें बदलत नाहीं.

नव्या पुरवठ्यानें गाणें अधिक गोड होतें, असेंही पुष्कळजण सांगतात. आम्हांस तसें कांहीं ऐकूं आलें नाहीं. सायंकाळीं पंप चालूं असतांना १०० फेरे मोजले. बरोबर ३ मिनिटें लागलीं, आणि मीटरचा आंकडा १२ वरून हालला नाहीं.

मग सूनबाईच ओटीवर गेली. 'काका, तबकडी उतरलेलीच होती. आम्हीं मोजली,' एवढेंच ती म्हणाली. काका कांहीं बोलले नाहींत, पण उठून आंत आले. आम्हींच अभ्रा काढून पेटी त्यांच्यापुढें ठेविली. तबकडी सुरू झाली, त्यांनीं काळी एक धरली, डोळे मिटले, आणि आलाप संपेपर्यंत भाता हालत राहिला. सोप्यांत कोणी हूं कीं चूं केलें नाहीं. शेवटीं त्यांनीं डोळे उघडले.

'तबकडी बरोबर आहे,' ते म्हणाले. 'पेटीचा पंचम मात्र किंचित् उतरला आहे. उद्यां कारागिराकडे पाठवा.'

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्या पेटी घेऊन गेला.