धुराडे कोणी साफ करायचे?



गॅसची टाकी घरात आली म्हणजे चूल गेली, असे पुष्कळांना वाटते. आपल्या वस्त्यांत ते खरे नाही. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली, अनेक घरांत शेगडी आली. पण टाकी भरून आणायला पैसे लागतातच. विड्या वळून घर चालवणारी सोलापूरची मायबहीण पाहुणे आले की गॅस पेटवते. रोजची भाकरी तुराट्यांवर, वेड्या बाभळीच्या काटक्यांवरच भाजते. चुलीची लाज वाटण्याचे कारण नाही. पण धुराकडे डोळेझाक करणे बरे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. लहान मुलांना न्यूमोनिया होतो, बायकांना दम लागण्याचा जुनाट विकार जडतो, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो.

सरकारने १९८३ साली निर्धूर चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला. पण कितीतरी चुली थोड्याच दिवसांत निकामी झाल्या. तोंड लहान, म्हणून निखाऱ्यावर भाकरी शेकता येईना. मग बायकांनी तोंड फोडून मोठे केले आणि धूर पुन्हा घरात आला. धुराडे काजळीने तुंबले, ते कोणी साफ केले नाही. चूल मांडताना, जी भाकरी थापते तिलाच कोणी विचारले नव्हते.

म्हणून पहिली गोष्ट : चूल मांडण्याआधी घरच्या बाईला विचारा. तवा केवढा, पातेले केवढे, बसायची उंची किती, हे तीच सांगेल. भांडी वैलावर नीट बसली पाहिजेत, फट राहिली की तिथून धूर निघतो. मागचा वैल रिकामा असेल तेव्हा त्यावर पाण्याचे भांडे ठेवावे. माती, शेण व भुसकट कालवून मांडलेली चूल आठवडाभर सावलीत वाळू द्यावी आणि पहिले काही दिवस मंद जाळ करावा. भेगा दिसताच लिंपाव्यात.

धुराड्याची नळी पत्र्याच्या वर निदान दोन फूट जावी व तिच्यावर पावसासाठी टोपी असावी. तापलेली नळी लाकडी वाशापासून, कडब्यापासून, ताडपत्रीपासून दीड फूट तरी लांब ठेवावी. जुना अॅस्बेस्टॉसचा पाइप असेल तर तो कापू-घासू नये. त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते.

लाकडे वाळलेली वापरावीत. ओल्या लाकडाने धूर व काजळी दोन्ही वाढतात. पेटवायला प्लॅस्टिक किंवा टायरचा तुकडा कधीही घालू नये. गॅसची टाकी चुलीच्या कोपऱ्यात नको. गळालेला गॅस जमिनीलगत पसरतो. एकच खोली असेल तर चूल पडवीत मांडावी. राखेत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतात, म्हणून राख पाणी शिंपडून मगच टाकावी.

बंबाबाबत विशेष सावध राहा. न्हाणीघराचे दार-खिडकी लावून आत बंब पेटता ठेवू नये. थंडीत निखाऱ्यांची घमेली बंद खोलीत ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगीतच जातो.

आता आमचीच गोष्ट सांगतो. आमच्या घरी आई भाकरी करताना खोकत असे. आम्ही पुरुष मंडळी, "पावसाने लाकडे भिजलीत," एवढे म्हणून ताटावर बसत होतो. एका रविवारी नळी उतरवली, तर चार इंची नळीत बोट जाईल एवढीच वाट उरली होती. आईने ते पाहिले. "आता कळलं ना," एवढेच म्हणाली. आम्हांला मान वर करवेना.

त्या दिवसापासून आमच्या घरी ठरले आहे : पौर्णिमेला विहारात वंदनेला जाण्यापूर्वी धुराडे साफ करायचे, आणि ते पुरुषांनी. चूल पूर्ण थंड झाल्यावर, नाकातोंडाला फडके बांधून, दोरीला पोत्याचा बोळा बांधून नळीतून खालीवर ओढायचा. अर्ध्या तासाचे काम आहे. काजळी साचू दिली तर ती नळीतच पेट घेते, मग छप्पर धोक्यात येते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला शिकवले. आपण त्यांच्या जयंतीला मिरवणुकीत पुढे असतो. घरात आई-बहीण धुरात खोकत असेल, तर आपल्या मापाने आपण कोठे आहोत, याचा विचार प्रत्येकाने करावा. येत्या पौर्णिमेला धुराड्याला हात लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!