पाठ केलेलं आम्ल

आम्ल निळ्या लिटमसला तांबडं करतं, आम्लारी तांबड्याला निळं. आठवी-नववीचं कुठलंही पोर झोपेतून उठवा, हे घडाघडा म्हणून दाखवील. मग विचारा, लिटमस पाहिलास का रे? पोर गुरुजींकडे बघतं, गुरुजी कपाटाकडे, कपाटाला कुलूप. प्रात्यक्षिक वहीत मात्र निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष सगळं सुवाच्य अक्षरात, गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेलं. वर लाल शाईत ‘तपासले’. न केलेला प्रयोग कसा तपासतात, हे एकदा शिक्षण खात्यानं समजावून सांगावं.

हा तमाशा अजिंठ्याच्या लेण्यांजवळच्या फर्दापुरासारख्या गावात चालावा, याचा मला जास्त संताप येतो. इथली काळी जमीन दख्खनच्या लाव्हाच्या खडकातून झालेली. तिच्यात पांढरे चुनखडीचे खडे सापडतात. एक उचला, वर लिंबू पिळा. फसफसतं. आम्लानं कार्बोनेट फोडलं, कार्बन डायऑक्साइड सुटला. धडा संपला, खर्च एक लिंबू. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे घरच्या बाईला कोणी शिकवावं लागत नाही. कुंकू तर हळदीला चुना लावूनच करत आले. दर्शक आजीच्या हाताखालचा होता. तिला त्याची व्याख्या दोन गुणांना कोणी विचारली नाही, इतकंच.

शेतकऱ्याच्या घरात माती परीक्षणाची पत्रिका असते. सामू (pH) 8.2, घडी घालून ट्रंकेत. पोराला विचारा, सामू 7 आणि 8 यांत फरक किती? ‘एक.’ नाही रे बाबा, दहापट! रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सननं 1909 मध्ये हे माप काढलं ते कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. बिअरवाल्यांना जे माप लागलं ते कापूसवाल्यांना लागत नाही काय? सामू असा चढला की जमिनीत लोह, जस्त असूनही मुळांच्या हाती लागत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मग बाप दुकानातून हिराकस आणून मातीत टाकतो, आणि चुनखडीच्या जमिनीत त्यातलं लोह पुन्हा बांधलं जातं. फवारणीतून दिलं असतं तर पानाला मिळालं असतं. युरिया वरवर फेकून तसाच ठेवला, तर अशा जमिनीत त्याचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो. नववी पास झालेला मुलगा बांधावर उभा राहून हे बघतो. त्याला लिटमस पाठ आहे.

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गाड्या अडवतात आणि पर्यटकांना बसमधून लेण्यांपर्यंत नेतात. का? ‘प्रदूषण होऊ नये म्हणून.’ घ्या पूर्ण गुण! कसलं प्रदूषण, हे विचारायचं नसतं. धुरातले गंधकाचे नि नायट्रोजनचे ऑक्साइड ओलाव्यात मिसळले की आम्ल होतं, आणि अजिंठ्याची चित्रं चुन्याच्या पातळ थरावर काढलेली आहेत. आम्ल चुन्याचं काय करतं, ते वरच्या लिंबानं दाखवलंच. त्या चित्रांतला निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दी दगडाचा. चुन्याशेजारी तो शतकानुशतकं टिकतो, पण विरळ आम्लातही फिका पडतो आणि सडक्या अंड्यांचा वास सोडतो. (भिंतीवर प्रयोग करू नये, हे वेगळं सांगावं लागतं, बदाम काढून नावं कोरणाऱ्यांचा देश आहे आपला.)

‘पोर्शन संपवायचा असतो हो,’ असं गुरुजी म्हणतात. संपवा की. लिंबू पिळायला किती तास लागतात?

पुढच्या प्रात्यक्षिक परीक्षेला वह्या बाहेर ठेवा. प्रत्येक पोराला बापाच्या शेतातली ओंजळभर माती आणायला सांगा, लिंबाची फोड द्या, आणि एवढंच विचारा: फसफसलं तर का, नाही फसफसलं तर का. बाहेरून आलेल्या परीक्षकालाही हाच प्रश्न विचारावा, पोरांच्या आधी.